पुरात पिळलेली लाकडी रॅकेट सरळ करावी का?

गावभागकर

नमस्कार मंडळी. आधी प्रश्न मांडतो, हकीगत मागाहून.

वडिलांची बॅडमिंटनची लाकडी रॅकेट माझ्याकडे आहे, साठच्या दशकातली. २०१९ च्या पुरात ती ट्रंकेत पाण्याखाली राहिली आणि नंतर वाळताना पिळली. काचेच्या टेबलावर आडवी ठेवली की डोक्याची डावी कड ९ मिलिमीटर उचललेली राहते. गट (डोक्यावर विणलेल्या तारा) केव्हाच तुटून गेलंय, पण लाकूड कुठे फाटलेलं दिसत नाही. ती सरळ करायचा प्रयत्न करावा की आहे तशी ठेवावी? घरात दोन मतं आहेत आणि माझ्या मनातही दोन आहेत.

आता हकीगत. आमचं घर सांगलीच्या गावभागात. थंडी सुरू झाली की वाड्यामागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेषा पडायच्या, दोन वाशांना जाळी बांधली जायची आणि वरून दोनशेचा बल्ब सोडला जायचा. जेवणं उरकली की अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे तिघे मित्र खेळायला उतरत. खेळून झालं की अण्णा रॅकेट कोरड्या फडक्याने पुसायचे आणि प्रेसमध्ये घालायचे. ज्यांनी प्रेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन लाकडी चौकटी, मध्ये रॅकेटचं डोकं आणि चार कोपऱ्यांत चार विंग नट. नट आवळायचं काम माझ्याकडे असे. एक आवळला की त्याच्या कर्णावरचा दुसरा, आणि दोघांना सारखे आटे. एका कोपऱ्यावर जास्त जोर पडला तर लाकूड तिकडे कलतं, हे ते रोज बजावायचे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आईला घेऊन आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. निघण्याआधी देव, कागदपत्रं आणि धान्य माळ्यावर चढवलं, ट्रंक खालीच राहिली. परत आलो तेव्हा तिच्यात गाळ होता आणि गाळात रॅकेट. प्रेस नव्हता, तो फार पूर्वी कुणी तरी नेला होता. मी घाईने रॅकेट धुतली आणि गच्चीवर कडक उन्हात ठेवली. तिथेच चुकलं. एक बाजू आधी वाळून आकसली, दुसरी ओलीच राहिली आणि संध्याकाळपर्यंत पीळ बसला.

तिच्यासारखी दुसरी शोधायला म्हणून सुरुवात केली आणि बघता बघता २६ जमल्या. ११ लाकडी, ४ पोलादी, ७ अ‍ॅल्युमिनियमच्या, ४ कार्बनच्या. काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, काही जयसिंगपूरच्या भंगारवाल्याकडून, बऱ्याचशा ओळखीच्यांच्या माळ्यांवरून. सराफकट्ट्यावरच्या मित्राच्या काट्यावर एकेक तोलून घेतली. अण्णांची १३४ ग्रॅम भरली, कार्लटन कंपनीची पोलादी १०६, अ‍ॅल्युमिनियमच्या शंभराच्या आगेमागे, आणि कार्बनची सगळ्यात नवी ८७.

लाकडीचं वजन सगळं डोक्यात असतं. मनगट वळून जातं आणि डोकं त्याच्या मागून पोचतं, म्हणून फूल (शटल) अंमळ आधी हेरावं लागतं. पोलादीचा दांडा आणि डोकं एकदम येतात, पण फटका नीट बसला नाही तर झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. अ‍ॅल्युमिनियमचा आवाज मला अजून आवडत नाही, ताटलीवर चमचा आपटल्यासारखा येतो. कार्बनची हातात असल्याचं जाणवत नाही, जाणवतं ते फक्त फूल.

आपल्या सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकली. बॅडमिंटनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. ते दिवस लाकडी चौकटीचे होते. अण्णांची रॅकेट हातात घेऊन हवेत नुसता बॅकहँड फिरवला की मी दर वेळी त्या विचाराने थांबतो. एवढं जड डोकं उलट्या हाताने इतक्या हळुवार कसं आणत असतील!

तर सांगा, सरळ करू का?

तंबोऱ्याची गल्ली

गावभागकर, मी मिरजेचा. आमच्या घरात सतारी-तंबोऱ्यांचं काम तीन पिढ्यांचं. रॅकेट कधी दुरुस्त केली नाही, पण ओलीने पिळलेल्या दांड्या पुष्कळ पाहिल्या. २०१९ ला तर रांगच लागली होती.

पहिलं काम, ठोकून बघा. रॅकेट दांड्याला दोन बोटांनी सैल धरून टांगा आणि नखाने चौकटीवर सगळीकडे टिचकी मारा. आवाज एकसारखा आला तर पट्ट्या चिकटलेल्या आहेत. कुठे भद्द आला तर तिथे सरस सुटलाय. तुमची चौकट एका लाकडाची नसणार, पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून वाकवलेल्या असतात. सरस सुटला असेल तर पीळ काढायच्या नादात पट्ट्या उलगडतील.

दुसरं, वाफ देऊ नका. कुणी तरी चहाच्या किटलीवर धरायला सांगेल, त्याचं ऐकू नका. जनावराचा सरस असेल तर गरम वाफेने तो मऊ पडतो आणि सगळंच हातचं जातं.

तिसरं, प्रेस करून घ्या. कुठलाही सुतार दोन चौकटी करून देईल. ओल नुसत्या हवेतून जाऊ द्या. ओलसर (ओला नव्हे) फडका चौकटीभोवती रात्रभर, मग प्रेस, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. नट एका वेळी पाव आटा. दर आठवड्याला मोजा. लाकडाला घाई कळत नाही.

शेवंती

माझं मत सरळ करू नका असं आहे.

मी साताऱ्याची. १९८४ ला शाळेत खेळायला लागले तेव्हा माझ्या हातात अ‍ॅल्युमिनियमची होती, लाल रंगाची, दांडा पोलादी. दुहेरीत जोडीदारणीची रॅकेट माझ्या रॅकेटवर आदळली आणि डोकं वाकडं झालं. बाबांनी गुडघ्यावर धरून सरळ केलं. दिसायला अगदी पहिल्यासारखं. दोन महिन्यांनी त्याच जागी तुटलं, आणि तेही सामन्यात. तेव्हापासून वाकलेलं सरळ झालं यावर माझा विश्वास बसत नाही.

तुमची रॅकेट एकदा पाण्यातून वाचली आहे. तिला पुन्हा ओल का दाखवायची? ९ मिलिमीटर राहू द्या. भिंतीवर लावा, शेजारी अण्णांचा फोटो लावा.

कुपवाडचा भट्टीवाला

शेवंतीताई, तुमची तुटली ते अगदी बरोबर आहे, पण तो अ‍ॅल्युमिनियमचा गुण. लाकडाला तो लावू नका. माझं आयुष्य कुपवाड एमआयडीसीत धातू ओतण्यात गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

चौकटीला दोन गोष्टी हव्यात: ताणाखाली दबायचं नाही आणि हलकं राहायचं. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ, आणि जवळजवळ तिप्पट जडही. घनता पाहा, ७.८५ आणि २.७. म्हणजे वजनामागे ताठपणा काढला तर दोघं सारखेच निघतात. मग अ‍ॅल्युमिनियमने बाजी कशी मारली? हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनात नळी मोठ्या छेदाची आणि जाड भिंतीची करता आली. पोलादात वजन वाचवायचं तर भिंत फार पातळ करावी लागते, आणि मग जरा आपटलं की पोचा येतो. गावभागकर, तुमच्या चार पोलादींवर बोट फिरवून बघा, डोक्याच्या टोकाशी पोचे असणारच.

अ‍ॅल्युमिनियमचं दुखणं दुसरं. एका मर्यादेपलीकडे वाकलं की ते परत येत नाही, आणि आणलंच तर त्या जागी धातू आतून थकतो. ताईंच्या बाबांनी गुडघ्यावर जे केलं त्याने तडेच सुरू झाले. शिवाय त्या रॅकेटींत डोकं अ‍ॅल्युमिनियमचं, दांडा पोलादाचा आणि मध्ये टी-जॉइंट. दोन धातू चिकटून असले आणि मध्ये ओल गेली की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, सांध्याशी पांढरी भुकटी दिसते. पुराचं पाणी लागलेल्या असतील तर टी-जॉइंट आधी तपासा.

आता कार्बन. राळेत भिजवलेल्या कार्बनच्या धाग्यांच्या पातळ चादरी गुंडाळतात, साच्यात घालतात, आतून हवेचा दाब देतात आणि भाजतात. खुबी धाग्यांच्या दिशेत आहे. लांबीला धावणारे धागे वाकू देत नाहीत, तिरके घातलेले पिळू देत नाहीत. कारागीर थर कसे लावतो त्यावर रॅकेटचा स्वभाव ठरतो.

आणि लाकूड? अ‍ॅश या विलायती झाडाचं लाकूड म्हणजे तरी काय, सेल्युलोजचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. झाडाने केलेली तीच रचना. घडणीने बघाल तर लाकडी आणि कार्बनची रॅकेट एकमेकींच्या सख्ख्या, धातू मधल्या वीस-तीस वर्षांचा पाहुणा. फरक एवढाच की लाकडात सगळे धागे एकाच दिशेला धावतात, तिरका एकही नाही. म्हणून ते वाकायला दमदार आणि पिळायला दुबळं. तुमच्या रॅकेटला वाक न येता पीळ का आला, याचं उत्तर इथे आहे. आणि याच कारणाने पीळ थोडा तरी परत जाईल. धातूसारखा तो आत कायमचा मोडलेला नसतो.

मी म्हणतो करा, पण मिरजकरांच्या वेगाने.

चौथी सीट

गावभागकर, तुमच्या रॅकेटींचे फोटो दिसत नाहीयेत. परत टाका ना, विशेषतः पोलादीचे.

वाईकडचा

सुंदर धागा. दोन भर घालतो.

पोलादी चौकट बॅडमिंटनमध्ये कार्लटनने साठच्या दशकात रूढ केली हे खरं, पण पोलादी रॅकेटची कल्पना त्याहून बरीच जुनी. टेनिसमध्ये विल्यम लार्नेड या अमेरिकन खेळाडूने १९२२ मध्येच पोलादी चौकट काढली होती. ती तेव्हा फारशी रूढ झाली नाही. आणि कार्लटनच्या ३.७ नावाच्या मॉडेलमधला ३.७ म्हणजे औंसातलं वजन, साधारण १०५ ग्रॅम. तुमचा काटा १०६ दाखवतो, म्हणजे तुमची ती असेल तर जुनं नाव आणि सराफकट्टा एकमेकांशी जुळले!

दुसरं, जपानी रॅकेटींचा काळ ओळखायला नाव बघा. योनेक्सचे संस्थापक मिनोरू योनेयामा. १९४६ ला निइगाता भागात त्यांनी कोळ्यांच्या जाळ्यांना लावायचे लाकडी तरंगे करायला सुरुवात केली. प्लास्टिकचे तरंगे आले आणि धंदा बसला, तेव्हा लाकडातलं कसब त्यांनी रॅकेटींकडे वळवलं. १९५७ पासून ते दुसऱ्यांच्या नावाने बॅडमिंटन रॅकेटी करत होते, पुढे स्वतःच्या नावाने. कंपनीचं नाव योनेक्स झालं १९७४ च्या सुमारास. तेव्हा चौकटीवर ‘योनेयामा’ लिहिलेलं असेल तर ती बहुधा त्याआधीची, जपून ठेवा.

आकाराचंही तेच. डोकं अंडाकृती की वरून चौकोनी वळणाचं, हे बघा. वरून रुंद असलेलं आयसोमेट्रिक डोकं बॅडमिंटनमध्ये १९९२ ला आलं. म्हणजे लाकडीला असं डोकं दाखवून कुणी जुनी म्हणत असेल तर हात जोडून निघायचं.

गावभागकर

सगळ्यांचे आभार. फोटो परत टाकतोय.

मिरजकर, टिचकी मारून पाहिली. दांड्याच्या वर जिथे दोन्ही बाजू एकत्र येतात, तिथे मधल्या पाचरीशी आवाज बसका येतो. बाकी सगळीकडे खणखणीत. भट्टीवाले काका, पोचे आहेत, चारपैकी तिघींच्या टोकाला. बोट फिरवल्यावरच कळले, डोळ्याला कधी दिसले नव्हते. आणि दोन अ‍ॅल्युमिनियमच्या टी-जॉइंटशी भुकटी सापडली. त्या दोन्ही पुरानंतर गावभागातूनच घेतलेल्या आहेत.

शेवंतीताई, तुमच्या मतावर मी चार दिवस विचार केला. भिंतीवर लावायचं माझ्याही मनात होतं. पण मला आठवतात ते अण्णा रॅकेट भिंतीवर लावणारे नव्हते. रोज रात्री तिला प्रेसमध्ये घालणारे होते. लाकूड रोज थोडं कलणार आणि आपण रोज थोडं परत आणणार, हा त्यांच्यासाठी खेळाचाच भाग होता. पूर आला त्या रात्री ते असते तर ट्रंकेतून काढून त्यांनी ती आधी सावलीत ठेवली असती आणि मग प्रेसमध्ये. मी उन्हात ठेवली. म्हणून आता सावलीचं आणि प्रेसचं काम करावं असं वाटतंय. पॉलिश मात्र करणार नाही. मुठीपाशी त्यांच्या अंगठ्याने चामडं काळं पडलंय, त्याला हात लावायचा नाही.

हळदवाला

एक विचारतो. मार्केट यार्डाजवळ एक जण लाकडी रॅकेट ५ हजाराला देतोय. एकदम चकचकीत, नवं गट, नवीन रंग. घ्यावी का?

गावभागकर

नका घेऊ. चकचकीत आहे हेच कारण. जुन्या चौकटीवर पातळ चिकटचित्रं असायची, कंपनीचं नाव, ‘मेड इन इंग्लंड’ वगैरे. रंग मारला की ती जातात आणि रॅकेट कुठली, कधीची, हे सांगणारं काहीच उरत नाही. आपल्याकडच्या जालंधर-मेरठच्या रॅकेटीही याच कारणाने ओळखू येईनाशा झाल्यात. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर तिकडे आले आणि त्यांनी तुतीच्या लाकडात सुरेख काम केलं. माझ्या अकरा लाकडींत पाच तिकडच्या आहेत आणि त्यांतली एक मला कुठल्याही विलायतीपेक्षा जास्त आवडते. दीडदमडीच्या म्हणून लोकांनी त्या आधी टाकल्या, याचं फार वाईट वाटतं.

आणि नवं गट किती पौंडांवर केलंय ते विचारा. आताच्या दुकानात मशीनवर २४-२५ पौंड सहज लावतात. लाकडी चौकटीला पंधराच्या पुढे नेलं तर ती लंबुळकी होते नाही तर चुरमडते. कार्बनमुळे ताण वाढला आणि ताण वाढल्यामुळे फटका बदलला, ही साखळी आहे. जुन्या चौकटीवर नवा ताण म्हणजे बैलगाडीला ट्रकचं ओझं.

हळदवाला

बरं झालं विचारलं. मग दुसरं सांगतो. माझ्या चुलत्यांच्या माळ्यावर दोन रॅकेटी पडून आहेत, एक लाकडी आणि एक पोलादी. लाकडीचं गट पिवळसर, ठिसूळ झालंय, उंदरांनी कुरतडल्यासारखं. काढून टाकू का?

तंबोऱ्याची गल्ली

पिवळसर, ठिसूळ आणि कुरतडल्यासारखं, म्हणजे ते बहुधा नायलॉन नाही, तात आहे. जनावराच्या आतड्याची. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तीच जात. ओलीने फुगते, उन्हाने ताणते, म्हणून पावसाळ्यात असल्या रॅकेटी सैल पडायच्या. सगळी काढू नका. ताण असलेली एकच बाजू शिल्लक असेल तर चौकट तिकडे ओढली जाते, तेवढी मधून सारखी कापा. एक तुकडा कागदात गुंडाळून नोंद करून ठेवा.

कुपवाडचा भट्टीवाला

आणि पोलादीवर गंज असेल तर पॉलिशपेपर लावू नका, वरचा मुलामा जाईल. शिवणयंत्राचं तेल, सुती बोळा आणि संयम. भोकांच्या आतून जास्त गंजलेलं असतं, तिथे काडीला कापूस गुंडाळून तेल सोडा.

शेवंती

गावभागकर, तुमचं उत्तर वाचून माझं मत अर्धं बदललं. करा, पण मोजत राहा आणि इथे लिहीत राहा. आणि गट लावायच्या आधी परत एकदा विचारा.

गावभागकर

सात आठवडे झाले, म्हणून लिहितोय.

सुताराकडून सागवानाच्या उरलेल्या पट्ट्यांचा प्रेस करून घेतला. पाचरीपाशी सुटलेल्या जागी मिरजकरांनी स्वतः बारीक सळईने सरस सोडला आणि दोन दिवस दोरीने आवळून ठेवलं. पैसे घेतले नाहीत. नंतर त्यांनी सांगितलं तसा ओलसर फडका आणि पाव पाव आटा.

पहिल्या आठवड्यात काहीच हललं नाही. दुसऱ्या आठवड्याअखेर ९ चे ८ झाले. तिसऱ्यात ६. चौथ्यात मी उतावीळ होऊन अर्धा आटा दिला, तर लाकडाने बारीक कुरकुर केली आणि मी लगेच मागे फिरवला. पाचव्यात ५, सहाव्यात ४. सातव्या आठवड्यातही ४ च. मिरजकरांना दाखवली. त्यांनी चौकट कानाशी धरली, टिचकी मारली आणि म्हणाले, आता ती थांबली आहे, तुम्हीही थांबा.

चार मिलिमीटरवर थांबलो.

गटाबद्दल, शेवंतीताई. एका जुन्या गटिंगवाल्यांनी मशीनवर घ्यायला नकार दिला आणि हाताने करून दिलं. आरी आणि लाकडी खुंटी वापरून, उभ्या तारा मधून बाहेर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे चौकटीवर दोन्हीकडून सारखा भार. साधं नायलॉन, दहा-अकरा पौंडांच्या आसपास, हाताच्या अंदाजाने. चोवीस तास प्रेसमध्ये ठेवून मोजलं, ४ चे ४.

मग अंगणात फूल मारून पाहिलं. चार मिलिमीटरचा पीळ हाताला कळतो. सरळ मारलं तर फूल किंचित उजवीकडे जातं. दहा-पंधरा फटक्यांनी मनगट आपोआप तेवढं वळवून घ्यायला लागलं. आई ओट्यावर बसून बघत होती. ती म्हणाली, आवाज तोच आहे. अण्णांचा फटका तिला स्वयंपाकघरातून ऐकू यायचा.

हळदवाले, तुमच्या चुलत्यांची लाकडी कुठली आहे ते चिकटचित्राचा फोटो टाकला तर बघता येईल. त्यांना ती द्यायची नसेल तर नका घेऊ, पण प्रेस नसेल तर माझ्याकडे सुताराने दोन करून दिलेत, दुसरा तुम्हाला देतो. रविवारी दहाच्या सुमारास यार्डाकडे येणारच आहे. तेल आणि कापूस बरोबर आणतो, पोलादीचंही तिथेच पाहू.